फोटो आमचा, पण उघडायचा कुणी?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापसाच्या भावाचा विषय आहे, ज्वारीच्या खरेदीचा आहे, विजेचा आहे. त्यात मध्येच 'टॅबलेटवरचे फोटो' असा एक विषय पाहून काही जण हसले असतील. हे काय पोरांचे खेळ घेऊन बसलात, असे कुणाला वाटले असेल. आम्हालाही वर्षभरापूर्वी तसेच वाटत होते. पण ज्या खेळामुळे आमच्या बत्तीस शेतकऱ्यांचे कागद एका खिडकीवरून परत आले, त्या खेळाचे नियम आपल्याला माहीत असलेले बरे. म्हणून हा विषय मांडायला उभे आहोत.

काय घडले ते आधी सांगतो

२०२५ चा सप्टेंबर तुम्ही विसरला नसाल. मराठवाड्यात आणि लगतच्या भागात पाऊस असा कोसळला, की कोरडवाहू म्हणवणाऱ्या शेतातून होड्या चालवाव्यात. आमच्या काळ्या रानात आठवडाभर पाणी साचून राहिले. पऱ्हाटी पिवळी पडून माना टाकू लागली, खालच्या फांद्यांची बोंडे झाडावरच सडली. ज्वारी दाण्यात आलेली, ती काळी पडली. कणीस चोळले तर हाताला बुरशी लागे.

आम्ही ठरवले, की पंचनामा करायला कुणी येईल तेव्हा येईल, आपला पुरावा आपण गोळा करायचा. आमच्या एका कार्यकर्त्याचा भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्याने आपला जुना आयपॅड मामाला दिला होता. तो घेऊन आम्ही तिघे-चौघे गुडघाभर चिखलातून फिरलो. दोन दिवसांत बत्तीस शेतकऱ्यांच्या शेतांचे दोनशेच्या वर फोटो काढले. फोटो असे झकास, की सडलेल्या बोंडातली अळीसुद्धा मोजून घ्यावी.

मग ते सगळे टॅबलेटवरून पेनड्राइव्हवर उतरवले आणि अर्जांचा गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी पेनड्राइव्ह लावला. फाइलींची नावे दिसली, पण चित्र एकही दिसेना. फाइलीवर बोट ठेवले की संगणक म्हणे, ही उघडता येत नाही. बाई म्हणाल्या, "यात काही नाही. नीट फोटो घेऊन या." आमच्या हातातल्या टॅबलेटवर तेच फोटो लखलखीत दिसत होते, आणि समोरच्या पडद्यावर नुसती कोरी पाटी. त्या बाईंचाही दोष नव्हता, त्यांच्या यंत्राला ती लिपीच येत नव्हती. पण गठ्ठा परत आला हे खरे.

आम्ही केलेल्या दोन चुका

बाहेर चहाच्या टपरीवर उपाय शोधणे सुरू झाले. तिथे जे झाले ते मुद्दाम सांगतो, कारण उद्या तुम्हीही नेमके हेच कराल.

पहिला उपाय एका हुशार गड्याने काढला. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंबापुढे 'एचईआयसी' अशी चार अक्षरे होती. तो म्हणाला, ती पुसून 'जेपीजी' लिहा, म्हणजे झाले. सेवा केंद्रात बसून पन्नासेक फाइलींची नावे बदलली. संगणकाने आधी मान डोलावली आणि उघडताना पुन्हा तेच, फाइल खराब आहे. होणारच. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली ज्वारी गहू होत नाही. फाइल कोणत्या जातीची आहे हे तिच्या पोटात, अगदी सुरुवातीलाच लिहिलेले असते. नाव बदलले तरी पोट बदलत नाही.

दुसरा उपाय असा, की टॅबलेटवर फोटो उघडायचा आणि पडद्याचाच फोटो घ्यायचा, म्हणजे स्क्रीनशॉट. ही फाइल कचेरीत उघडली खरी. आम्ही खूश झालो. पण बाईंनी फाइलीची माहिती पाहिली, तर तारीख त्याच दिवशीची, सकाळची. ठिकाण कोरे. पाऊस सप्टेंबरात, आणि पुराव्यावर तारीख ऑक्टोबराची! खऱ्या नुकसानीचा खरा फोटो आमच्याच हाताने खोटा वाटेल असा करून ठेवला. फोटोच्या आत चित्राबरोबर काढल्याची वेळ, यंत्राचे नाव आणि चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोची ही नोंद येत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तरी हेच होते. चित्र पोचते, पण दाबून बारीक होऊन पोचते आणि आतली नोंद गळून पडते.

शेवटी हा गुंता सोडवला तो त्याच कार्यकर्त्याच्या बारावीतल्या मुलीने. तिला दहा मिनिटे लागली. आम्ही दोन दिवस घालवले होते.

हे असे का होते?

नुसता उपाय सांगून आम्ही बसणार नाही. का होते ते समजले, तर यंत्र बदलले तरी माणूस अडत नाही.

फोटो म्हणजे यंत्राच्या दृष्टीने लाखो ठिपक्यांचा हिशेब. सगळे ठिपके जसेच्या तसे लिहिले तर फाइल मोकळ्या कापसाने भरलेल्या बैलगाडीसारखी होते, माल थोडा आणि जागा फार. म्हणून तो दाबून गाठ बांधावी लागते. गाठ बांधायच्या रीती वेगवेगळ्या आहेत.

त्यातली जुनी आणि सगळ्या जगाला ठाऊक असलेली रीत म्हणजे जेपेग. तज्ज्ञांची एक समिती १९८६ साली बसली आणि १९९२ साली तिने ही रीत पक्की केली. या रीतीत चित्राचे आठ ठिपके लांब, आठ ठिपके रुंद असे वाफे पाडतात. प्रत्येक वाफ्यातले जे बारकावे डोळ्याला जाणवत नाहीत ते गाळून टाकतात आणि उरलेले लिहून ठेवतात. गेल्या तीस वर्षांत निघालेला जवळपास प्रत्येक संगणक, प्रत्येक फोन, प्रत्येक छपाईचे दुकान ही रीत जाणते. गावातली पायली जशी सगळ्या घरांत एकच, तशी ही.

नवी रीत हाइफ नावाची. तिचे मानक २०१५ साली तयार झाले. अ‍ॅपल कंपनीने २०१७ साली आपल्या फोनमध्ये आणि टॅबलेटमध्ये ती आणली. त्या फाइलीच्या नावापुढे 'एचईआयसी' लागते. ही रीत व्हिडिओ दाबण्याच्या नव्या तंत्रावर उभी आहे. तिच्यात वाफे लहानमोठे पाडता येतात, चौसष्ट ठिपक्यांपर्यंतसुद्धा. शेजारच्या वाफ्यावरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जिथे चुकला तेवढाच फरक लिहायचा. सगळे आभाळ निळे असेल तर प्रत्येक ठिपका कशाला लिहायचा? त्यामुळे तोच फोटो साधारण निम्म्या जागेत बसतो. रीत चांगली आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही.

मग सगळ्यांनी ती घेतली का नाही? भावांनो, इथे आपल्या ओळखीची गोष्ट येते. त्या दाबण्याच्या तंत्रावर अनेक कंपन्यांचे पेटंट आहेत आणि वापरायचे तर मोल द्यावे लागते. बीटी सरकीच्या पाकिटात बियाण्याच्या किमतीवर गुणाचे मोल लागत होते, ते सरकारने २०२० च्या हंगामापासून शून्य केले. तोच प्रकार इथे. जेपेगची साधी रीत वापरायला आज कुणाला काही द्यावे लागत नाही. या नव्या रीतीचे तसे नाही. म्हणून विंडोजच्या पुष्कळ संगणकांवर ही फाइल उघडायला वेगळा जोड बसवावा लागतो, आणि त्यातला एक भाग कंपनी थोडी का होईना किंमत लावून विकते. कचेरीतल्या जुन्या संगणकावर तो कोण बसवणार? त्याचा फटका मात्र खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला.

हे फक्त आयपॅडपुरते नाही. काही अँड्रॉइड फोनांतही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' नावाची कळ असते. ती चालू असेल तर तिथेही हाच प्रकार होतो.

रोग येण्याआधीची फवारणी

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुळात जेपेगमध्येच फोटो काढणे. आयपॅडवर 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'कॅमेरा', त्यात 'फॉरमॅट्स'. तिथे दोन ओळी दिसतील. 'हाय एफिशियन्सी' म्हणजे नवी रीत, 'मोस्ट कंपॅटिबल' म्हणजे सगळीकडे चालणारी. दुसरीवर बोट ठेवा. झाले. यापुढचा प्रत्येक फोटो जेपेग निघेल. काही जुन्या टॅबलेटमध्ये 'फॉरमॅट्स' ही ओळच सापडत नाही. त्यांनी घाबरू नये, ते टॅबलेट जेपेगमध्येच फोटो काढतात.

पण लक्षात ठेवा, ही कळ फिरवल्याने आधी काढलेले फोटो बदलत नाहीत. पेरणी झाल्यावर वाण बदलता येत नाही, तसे. आधीच्या फोटोंसाठी पुढचे ऐका.

काढलेले फोटो बदलायचे कसे?

पहिली वाट. 'फोटोज'मध्ये हवे ते फोटो निवडा, शेअरची खूण दाबा आणि 'सेव्ह टू फाइल्स' म्हणा. आता 'फाइल्स' उघडा. त्या फोटोवर बोट दाबून धरा. यादी उघडेल, त्यात 'क्विक ॲक्शन्स' आणि त्याच्या आत 'कन्व्हर्ट इमेज'. ते दाबले की कोणत्या रीतीत हवे असे विचारेल, 'जेपेग' म्हणा. मग आकार विचारेल, लहान, मध्यम, मोठा की मूळचा. पुराव्यासाठी मूळचा घ्या. जुन्या फाइलीशेजारी नवी जेपेग फाइल उभी राहील, जुनी जागेवरच राहील. टॅबलेटमध्ये आयपॅडओएस १६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ही सोय आहे.

दुसरी वाट. शेअरची खूण दाबल्यावर वरच्या बाजूला 'ऑप्शन्स' असे बारीक अक्षरात दिसते. नव्या आवृत्त्यांत तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडता येते. त्याच पानावर 'लोकेशन' नावाची कळ आहे, ती चालू आहे ना ते पाहा. ती बंद असेल तर फोटो जाईल, पण जागेची नोंद घरी राहील.

तिसरी वाट, तार लावून. फोटोजच्या सेटिंगमध्ये खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' असा भाग असतो. तिथे 'ऑटोमॅटिक' ठेवले तर संगणकाला तार लावून फोटो उतरवताना ते जेपेग होऊन उतरतात. 'कीप ओरिजिनल्स' असेल तर जसेच्या तसे जातात. आमचे फसले ते याच कारणाने. आम्ही तारेच्या वाटेने गेलोच नाही. 'फाइल्स'मधून थेट पेनड्राइव्हवर टाकले, आणि मूळ फाइल जशी होती तशी तिकडे गेली.

एक धोक्याची वाट सांगतो, ती टाळा. फोटो फुकट बदलून देतो म्हणणारी पुष्कळ दुकाने इंटरनेटवर आहेत. तुमचा फोटो आधी त्यांच्या घरी जातो, मग बदलून परत येतो. शेताच्या फोटोचे एक वेळ ठीक. पण सातबारा, आधार, बँकेचे पासबुक यांचे फोटो अनोळखी माणसाच्या हातात का द्यायचे? टॅबलेटमध्येच सोय असताना बाहेर जायचे कारण नाही.

बदलताना काय सांभाळायचे?

मूळ फाइल कधीही पुसू नका. जेपेग ही वापरायची प्रत, मूळ फाइल ही घरातली बियाण्याची ज्वारी. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकी नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात त्या फाइलीच्या ठशाचा आकडा लिहावा लागतो. फाइलीत एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. फोटो दुसऱ्या रीतीत बदलला म्हणजे तर ठसा बदललाच. उद्या बियाण्याच्या कंपनीशी ग्राहक आयोगात भांडायची वेळ आली, तर पहिली फाइल कुठे आहे हा प्रश्न येऊ शकतो.

जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, कापून, पुन्हा साठवू नका. धान्य जितक्या वेळा मापावे तितक्या वेळा थोडे सांडते. जेपेगचेही तसेच, दर साठवणीला थोडा बारकावा गळतो. एकदाच बदला आणि तीच प्रत सगळीकडे द्या.

जागेचे भान ठेवा. जेपेग फाइल साधारण दुप्पट जागा खाते. अर्जाच्या पानावर फाइल किती मोठी चालेल ते बहुधा लिहिलेले असते. आमचे काही फोटो याच कारणाने पुन्हा अडले. अशा वेळी त्या अर्जापुरती 'मध्यम' आकाराची वेगळी प्रत काढा.

बदलल्यावर तपासा. नवी फाइल 'फोटोज'मध्ये उघडून 'आय' अक्षराची खूण दाबली की तारीख, वेळ आणि ठिकाण दिसते. तिथे कोरे दिसले तर ती प्रत देऊ नका, दुसऱ्या वाटेने बदलून पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर साधा फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि हे आम्हाला फार उशिरा कळले. आयपॅड दोन प्रकारचे असतात, सिमकार्डाची सोय असलेले आणि नुसत्या वायफायचे. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. घरात, बाजारात तो आसपासच्या वायफायवरून जागा ओळखतो. शेतात कुठले वायफाय? आमचा आयपॅड नेमका तसलाच निघाला. दोनशे फोटोंवर तारीख आणि वेळ होती, पण ठिकाण नव्हते. म्हणजे बाकी सगळे बरोबर केले असते तरी ती जागा कोरीच राहिली असती. अशा टॅबलेटवाल्यांनी त्याच जागेवरून एक-दोन फोटो जीपीएस असलेल्या फोनने काढून ठेवावेत, आणि फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली आहे का तेही घरून निघतानाच पाहावे.

यंत्रावर सगळे सोडू नये म्हणून आम्ही आता एक जुनी युक्ती धरली आहे. पोराची पाटी घ्यायची. तिच्यावर खडूने गट नंबर, पीक, तारीख आणि शेतकऱ्याचे नाव लिहायचे. पहिला फोटो पाटीचा, मागे बांध किंवा ओळखीचे झाड दिसेल असा. मग शेताच्या चारी कोपऱ्यांतून एकेक. मग जवळून झाडाचा, बोंडाचा, कणसाचा. तेच सगळे वहीत लिहून शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या. फाइल उघडो न उघडो, वही कुठल्याही खिडकीवर उघडते.

एवढा खटाटोप कशासाठी?

कुणी म्हणेल, ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये फोटो ॲपच काढते, तिथे ही भानगड नाही. बरोबर आहे. पीक पाहणी तिथेच करा आणि वेळेत करा. पण रानडुकराने, रोह्याने पीक लोळवले तर वनखात्याकडे अर्ज आपणच करायचा असतो. सरकी उगवली नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीकडे आपणच जायचे असते, पाकीट, लेबल, पावती आणि शेताचे फोटो घेऊन. अतिवृष्टीच्या मदतीत नाव सुटले तर हरकतीचा अर्ज आपलाच.

विम्याचेही पाहा. ७२ तासांत नुकसानीची सूचना द्या, म्हणून आपण वर्षानुवर्षे धावलो. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्रात ती वैयक्तिक नुकसानीची बाजूच वगळली गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरली. नियम असे हंगामाहंगामाला फिरतात, त्या त्या हंगामाचा कागद वाचूनच पाऊल टाका. पण नियम कोणताही येवो, ज्याच्याकडे नोंद आहे त्याचेच बोलणे टेबलापर्यंत पोचते.

पूर्वी चावडीवर बसून पंचनामा लिहिला जाई. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा, आपण फक्त अंगठा द्यायचा. आज लिहिण्याचे यंत्र आपल्या हातात आले आहे. चिखलात उभे राहून आपल्या नुकसानीची नोंद आपण स्वतः करू शकतो. ती नोंद परक्या लिपीत अडकून खिडकीवरून परत येणार असेल, तर आपण पुन्हा अंगठा देणारेच.

आमच्या बत्तीस जणांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या मुलीने सगळे फोटो बदलून दिले, ठिकाणाची उणीव आम्ही वहीने आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनी भरली, आणि अर्ज पुन्हा दिले. सव्वीस घेतले गेले. सहा मुदत टळली म्हणून परत आले. त्या सहांत दोन विधवा बहिणी आहेत, एकीची दोन एकर पऱ्हाटी, एकीची दीड एकर ज्वारी. त्यांचे पीक पावसाने नेले, पण अर्ज आमच्या अडाणीपणाने नेला. ही गोष्ट आम्हाला टोचते, म्हणून ती इथे लपवली नाही.

तेव्हा इथून घरी गेल्यावर एवढेच करा. गावात ज्याच्या हातात टॅबलेट किंवा फोन आहे त्याची ती कळ आजच फिरवून घ्या. एक फोटो काढा आणि सेवा केंद्रातल्या संगणकावर उघडतो का पाहा. घरात शिकणारी पोरगी असेल तर तिला शेजारी बसवून पाहा, आणि तिने सांगितलेले वहीत लिहून ठेवा. आभाळ भरून आल्यावर हे शिकायला वेळ मिळत नाही.